पालथी पुंगळी

१

लग्न शनिवारी होतं आणि फार्कर मॅथेसनच्या अंगात सोमवारपासूनच आलं होतं. साठी उलटलेला माणूस, उभा जन्म अर्नोकच्या डोंगरात पाहुण्यांना हरणाच्या मागावर नेण्यात गेलेला, एरवी तोंडातून शब्द काढायचा तर दात कोरल्यासारखा एकेक काढणारा. आणि आता सकाळी धार काढताना गायीला गाणी ऐकवत होता. गाय बिचारी दूध चोरायला लागली होती.

धाकट्या लेकीचं, डोलिनाचं लग्न. थोरल्या दोघी ग्लासगोला जाऊन कचेरीत सह्या करून मोकळ्या झाल्या होत्या, बापाला पत्राने कळवून. ही एकटी इथल्या चर्चमधून, इथल्या पुलावरून, इथल्या रिवाजाने जाणार होती.

रिवाज असा. वरात चर्चमधून निघून नदीवरच्या दगडी पुलाशी आली, की मुलीकडचा माणूस आकाशाकडे दोन बार काढायचा. मग समोरच्या काळ्या कड्यावरून एक बार उत्तराला यायचा. डोंगराने होकार दिला, असं लोक म्हणत आणि टोप्या उडवत. दरीतल्या लेकींना पुलावरून बार काढून निरोप द्यायचं काम फार्करच्या थोरल्या भावाचं, टोर्मोडचं. कड्यावर धापा टाकत चढून उत्तर द्यायचं काम फार्करचं. धाकट्याच्या नशिबी नेहमी चढच.

टोर्मोड मार्च महिन्यात गेला. छातीत कफ साठला, डॉक्टर येईपर्यंत आटोपलंसुद्धा. त्याने लग्न केलं नव्हतं. डोलिना त्याची धर्मकन्या, आणि ती पाळण्यात होती तेव्हापासून तो तिला सांगत आला होता, "पोरी, तुझ्या लग्नात माझ्या पुंगळ्या वाजतील."

आता पुलावर फार्कर उभा राहणार होता. कड्यावर जायला कोणी उरलं नव्हतं.

"प्रतिध्वनी येतो की," त्याची बायको एफी म्हणाली. "तेवढा पुरे."

"प्रतिध्वनी म्हणजे आपणच आपल्याला हो म्हणणं," फार्कर म्हणाला.

"मग काय झालं? इतकी वर्षं तू तेच करतोयस."

हे ऐकून स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका हसल्या आणि फार्करही हसला. पण कडा मुका राहणार, ही गोष्ट त्याला सलत होती. निदान थोरल्याचा शब्द तरी पाळायचा, पुंगळ्या त्याच्याच वाजवायच्या, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

घराच्या मागे, गोठ्याला लागून एक खोली होती. तिथे दोघा भावांचा कामाचा बाक. त्यांच्या बापाला जुन्या जमीनदाराने जुळ्या नळ्यांच्या बंदुकांची एक जोडी बक्षीस दिली होती. तिला लागणारं काडतूस म्हणजे बोटभर लांब आणि अंगठ्याएवढं जाड पितळ. बर्मिंगहॅमच्या कारखान्याने ते बनवणं कधीच सोडून दिलं होतं. तेव्हा होत्या त्याच पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी, पुन्हा पुन्हा भरायच्या. बुडाची वाजलेली टोपी, घोडा आपटला की ठिणगी देते ती, उचकटून काढायची, नवी बसवायची, काळी दारू मापाने ओतायची, वर पुठ्ठ्याची चकती, लोकरीची गादी. हरणासाठी असेल तर तोंडाशी शिशाची गोळी. लग्नासाठी असेल तर गोळीच्या जागी मेण. वाजवून झाल्यावर पुंगळी गवतातून शोधून घरी आणायची. या घरात पुंगळी हरवणं हा चर्चमध्ये झोपण्याच्या वरचा अपराध होता.

एका बाकावर दोन भाऊ म्हटल्यावर भांडण आलंच. मेण चमच्याने सारखं करायचं की अंगठ्याने दाबायचं, दारूचे डबे वरच्या फळीवर की खालच्या, पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात कशा उभ्या करायच्या. एका हिवाळ्यात फार्करने वैतागून बाकाच्या मधोमध खडूची रेघ ओढली. डावी बाजू थोरल्याची, उजवी त्याची. त्यानंतर दोघांनी एकमेकांच्या बाजूला ढुंकूनही पाहिलं नाही, आणि शेजारी शेजारी बसून सुखाने कामं केली.

फार्करचा स्वतःचा नियम एकच होता. रिकामी पुंगळी पालथी, भरली की सुलटी. दारात उभं राहून कळतं कशात दारू आहे आणि कशात नाही. हा नियम त्याने कधी मोडला नव्हता.

बुधवारी त्याने पहिल्यांदा रेघेपलीकडे हात घातला आणि टोर्मोडचा बिस्किटांचा डबा उघडला. आतल्या पुंगळ्या काळवंडलेल्या होत्या. काहींच्या बुडाला लाल रंग लागलेला होता, मेंढ्यांच्या पाठीवर खूण करतात तो. थोरल्याचा तो रंग त्याच्या कोटावर सापडे, चहाच्या कपावर सापडे, एकदा दाढीत सापडला होता. फार्करने कपाळाला हात लावला. मग शिर्का आणि बारीक रेती घेऊन एकेक पुंगळी अशी घासली की तिच्यात तोंड पाहून घ्यावं. लेकीच्या लग्नात मळकं पितळ चालणार नव्हतं.

दुपारभर बसून त्याने त्या भरल्या. लागणार दोनच, पण जुन्या टोप्यांचा भरवसा नाही म्हणून ठोकळाभर केल्या. मेण चमच्याच्या पाठीने गुळगुळीत केलं. सगळ्या सुलट्या उभ्या केल्या, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली विजारीच्या खिशात टाकली.

गुरुवारी सकाळी कुलूप उघडलं तर ठोकळ्यातली एक पुंगळी पालथी होती.

२

आधी त्याला वाटलं, ही भरायचीच राहिली. उचलून पाहिली. हाताला जड लागली, तोंडाला मेण होतं. म्हणजे भरलेली होती आणि तरी पालथी.

फार्कर हा भुताखेतांना भिणारा माणूस नव्हता. दरीत कोणी काही पाहिलं की तो आधी विचारायचा, किती घेतली होतीस. त्याने खोलीकडे नीट पाहिलं. खिडकी लहान, तिचा गज शाबूत. भिंतीवर टोर्मोडची बंदूक, जोडीतली दुसरी. तो गेल्यावर परवाना रद्द झाला तेव्हा पोलिसाच्या सांगण्यावरून तिचे दोन्ही घोडे काढून टाकले होते, आता ती नुसती शोभेची. बाक, रेघ, दारूचे डबे. भिंतीपलीकडे गाय रवंथ करत होती. उंदराने एवढं जड पितळ उचलून उलटं करून पुन्हा भोकात बसवलं असेल, तर त्या उंदराला पगारावर ठेवायला हवं होतं.

मग उरला तो एकच. तो स्वतः.

हा विचार आला आणि त्याचं सकाळपासूनचं गाणं थांबलं. त्याच्या बापाचं शेवटी असंच झालं होतं. आधी बूट भट्टीत ठेवायला लागला, मग कुत्र्याचं नाव विसरला, मग पोरांची. त्या वेळी दोघा भावांनीच बापाच्या हातून बंदूक काढून घेतली होती. बाप पोरासारखा रडला होता. ज्याला आपण काय केलं ते आठवत नाही त्याने बंदुकीच्या दारूला हात लावायचा नाही, असं तेव्हा टोर्मोडने ठरवलं आणि फार्करने मान डोलावली.

त्याने ती पुंगळी सुलटी केली, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. एफीला काही बोलला नाही.

दुपारी स्वयंपाकघरात नुसता गोंधळ होता. फडक्यात बांधलेला मनुकांचा मोठा पुडिंगचा गोळा हंड्यात रटरटत होता. शेजारणी ओटच्या पातळ भाकऱ्या भाजत होत्या आणि नवरदेवाच्या गुडघ्यांची चर्चा करत होत्या. लॅक्लन पलीकडच्या दरीतला, सुतार. त्याला किल्ट, म्हणजे गुडघे उघडे ठेवणारा पुरुषांचा घागरा, घातलेलं अजून कोणी पाहिलं नव्हतं.

"गुडघे चांगले आहेत," डोलिना म्हणाली.

"तुला गं कसं ठाऊक?" एफी म्हणाली, आणि बायकांनी एकच गिल्ला केला.

फार्कर कोपऱ्यात बसून सगळ्यांचे बूट घासत होता. त्या हसण्याच्या आत, अगदी आत, त्याला एक आवाज आला. टक. पितळ लाकडावर टेकल्याचा. तो आवाज तो झोपेतसुद्धा ओळखला असता, इतकी वर्षं तो शेजारून ऐकला होता.

आणखी कोणी ऐकला नव्हता. तो उठला, बोळातून मागे गेला, दाराला कान लावला. आत शांत. कुलूप जसंच्या तसं. उघडून पाहिलं. सकाळची ती पुंगळी पुन्हा पालथी होती, आणि तिच्या शेजारची आणखी एक.

बाकी सगळ्या सुलट्या, चकचकीत. खिडकीतून ऊन येत होतं. खोलीत भीती वाटावी असं काही नव्हतं, आणि फार्करच्या मानेवरचे केस उभे राहिले होते. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली आणि त्याला हायसंही वाटलं. हे त्याने केलेलं नव्हतं. तो बूट घासत होता. साक्षीला सगळं स्वयंपाकघर होतं.

हायसं वाटणं फार टिकलं नाही. तो नव्हता तर मग दुसरं कोण, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठच आत आला.

३

त्याने त्या दोन्ही पुंगळ्या रुमालात गुंडाळून खणात टाकल्या आणि खण बंद केला.

जेवणानंतर एफी भांडी पुसत असताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बार मी काढू ना? की लॅक्लनच्या काकाला सांगू?"

एफीने हातातली थाळी खाली ठेवली. "का रे?"

"वय झालं."

"परवा तू छपरावर चढून धुराडं साफ केलंस. मी ओरडत होते, तू वरून शीळ घालत होतास." ती त्याच्या जवळ आली. "टोर्मोडची आठवण येते?"

"येते," फार्कर म्हणाला. इतकं सरळ तो कधी बोलत नसे.

"पोरगी म्हणते, बाबाने बार नाही काढला तर मी पूल ओलांडायची नाही," एफी म्हणाली. "तिथेच नदीकाठी संसार मांडीन म्हणते. लॅक्लन सुतार आहे, झोपडी बांधून देईल. तुला रोज तिथे दूध पोचवावं लागेल. बघ काय परवडतं ते."

फार्कर हसला. पण तेव्हाच त्याला नीट उमगलं की हे टाळता येणार नाही. शनिवारी ती बंदूक त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर वाजणार होती, आणि त्याची लेक हात लांब केला तर पोचेल इतकी जवळ असणार होती. पुंगळीत काही खोट असेल तर बंदुकीचं बूड फाटून ज्वाळ मागे येते. एका साहेबाचा डोळा असा जाताना त्याने तरुणपणी पाहिला होता.

शुक्रवारी सकाळी खण बंद होता. आत रुमाल होता, घडी घातलेला. पुंगळ्या ठोकळ्यात परत आपल्या जागी होत्या, पालथ्या.

फार्कर खाली बसला. बऱ्याच वेळाने त्याने त्यातली एक उचलून उजेडात धरली. त्याने चमच्याने गुळगुळीत केलेल्या मेणावर आता अंगठ्याचा खळगा होता. खळग्याच्या मधोमध एक आडवी रेघ. टोर्मोडचा अंगठा लहानपणी गवत कापायच्या विळ्याने चिरला होता आणि भरून आल्यावरही तशी रेघ राहिली होती. मेणावर, लोण्यावर, पिठावर, जिथे टेकवेल तिथे तो अंगठा ओळखू यायचा.

"बरं," फार्कर मोठ्याने म्हणाला. आपला आवाज त्या खोलीत त्याला आवडला नाही.

भीती होतीच, पण तिच्या खाली एक वेगळाच आनंदही हळूच डोकं वर काढत होता, आणि त्याची त्याला थोडी लाज वाटली. थोरला आला होता. काहीतरी सांगत होता. आणि काय सांगत होता ते उघड होतं. पालथी म्हणजे रिकामी, पालथी म्हणजे घ्यायची नाही. या दोन घेऊ नकोस, यांत खोट आहे. आयुष्यभर ज्या पद्धतीला नाकं मुरडली, तीच आता गडी वापरत होता. मरणानंतर का होईना, अक्कल आली.

"ऐकलं तुझं," फार्कर म्हणाला. त्याने सुलट्यांमधल्या दोन निवडल्या, सगळ्यात चकचकीत होत्या त्या, आणि लग्नाच्या जाकिटाच्या खिशात ठेवल्या.

४

शनिवार उघडा, निळा आणि थंड उजाडला. डोंगरात नर हरणं माद्यांसाठी हंबरत होती. मशकबाजा वाजवणारा पायपर अंगणात येऊन पोचला होता आणि कोणी सांगितलं नसताना वाजवत होता. फार्कर किल्ट आणि जाकीट घालून मागच्या खोलीत बंदूक पुसत बसला. खिशातली दोन काडतुसं मांडीला गार लागत होती.

दार ढकलून डोलिना आत आली, पांढरा झगा दोन्ही हातांनी वर धरून, पायात गोठ्यातले रबरी बूट.

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली. "पांढरे बूट पुलापर्यंत जपायचेत. तू रडतोयस का बघायला आले."

"मी कशाला रडू? एक खाणारं तोंड कमी."

"बाबा."

"बरं, थोडासा."

तिने वाकून त्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि तिची नजर बाकावर गेली. ती थांबली, मग हसली. डोळ्यांत पाणी आलेलं असताना माणूस हसतो तशी.

"काकासारख्या ठेवल्यास," ती म्हणाली.

"काय?"

"या दोन. पालथ्या. काका असंच करायचा ना. तपासून पसंत पडली की पालथी. बूड वर असलं की टोपी नीट बसलीय का दिसतं म्हणायचा. मला इथे स्टुलावर बसवायचा आणि पसंत पडलेलीच्या बुडाला लाल ठिपका लावायला द्यायचा. मेंढ्यांचा रंग. माझी आवडती चाकरी होती ती."

फार्करच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "आणि ठिपका नसलेल्या?"

"त्या आजोबांच्या वेळच्या. तेव्हा टोप्यांत पारा असायचा ना, तो पितळ आतून खातो. वरून सोन्यासारख्या दिसतात, म्हणायचा, आत काही राम नसतो. पण टाकवत नव्हत्या त्याला. काकाने कधी काही टाकलंय?" तिने इकडे तिकडे पाहिलं. "ठिपके कुठे गेले? घासलेस होय? किती चमकतायत."

स्वयंपाकघरातून एफीची हाक आली, "डोलिना, ते बूट कुठेयत?" आणि ती झगा सावरत पळाली.

फार्करने खिशातली दोन काडतुसं बाहेर काढली. सगळ्यात चकचकीत होती ती. एकाचं मेण खरवडून काढलं, गादी आणि चकती ओढली, दारू डब्यात ओतली. मग पुंगळीच्या कडेला पक्कड लावली आणि हलकेच दाबलं. चांगलं पितळ दबतं, वाकतं, पण धरून राहतं. हे बिस्किटासारखं तुटलं आणि त्याचे तुकडे बाकावर पडले. दुसरं रिकामं करून दाबलं, तेही तुटलं.

तो बाकाला धरून उभा राहिला. बाहेर पायपर जोरात होता, बायका हसत होत्या. त्याने स्वतःच्या हातांनी ते ठिपके घासून काढले होते, शिर्का लावून, गाणी म्हणत. आणि मग कोणी सांगायला आलं तर त्याचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावला होता. स्वतःचा डोळा गेला असता तर एक वेळ, पण ती पोरगी हाताच्या अंतरावर उभी राहणार होती.

पालथ्या पुंगळीच्या बुडाची कड त्याने पकडीत धरून दाबली. पितळ दबलं आणि टिकलं. दुसरीचीही टिकली.

"तुझंच खरं," तो भिंतीकडे पाहून म्हणाला. "झालं समाधान?"

भिंतीपलीकडे गायीचं रवंथ थांबलं होतं.

५

पुलाशी अख्खी दरी जमली होती. लॅक्लनचे गुडघे खरोखरच चांगले निघाले आणि म्हाताऱ्या बायकांनी ते त्याला तोंडावर सांगितलं. डोलिना पांढऱ्या बुटांत होती. पाद्रीबुवांनी अनुभवाने दोन्ही कानांवर आधीच हात ठेवले होते.

फार्करने बंदूक मधोमध वाकवून उघडली आणि दोन्ही नळ्यांत काडतुसं सरकवली. लोकांना चार पावलं मागे सरायला सांगितलं. इतकी वर्षं असं कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळे सरले. त्याने नळ्या आकाशाकडे केल्या.

पहिला बार. दुसरा बार. काळ्या दारूचा आवाज नव्या बंदुकांसारखा कडक नसतो, तो पोटात शिरतो. पांढरा धूर पुलावर पसरला, नवरा-नवरी त्यात दिसेनाशी झाली आणि खोकत, हसत बाहेर आली. प्रतिध्वनी दरीतून धावत गेला, वळणावर आपटला, विरला. टोप्या उडायला लागल्या. फार्करने बंदूक उघडली. पितळ धड होतं. गालाला, डोळ्याला, पोरीला, कशालाही काही झालेलं नव्हतं. तो इतका सुखावला की त्याला तिथेच बसावंसं वाटलं.

तेव्हा काळ्या कड्यावरून बार आला.

एकच. भरदार, संथ, पोटात शिरणारा. वर उडालेल्या टोप्या खाली आल्या तरी कोणी झेलल्या नाहीत, क्षणभरच. मग लोकांनी असा जल्लोष केला की पायपरला वाजवणं थांबवावं लागलं.

"बाबा." डोलिनाने त्याच्या गळ्यात हात टाकले. "तू म्हणालास कोणी नाही. कोणाला पाठवलंस वर?"

"हो, कोण आहे रे वर?" लॅक्लनचा काका म्हणाला. "बघ की, दुर्बीण आहे ना तुझी."

डोंगरातल्या माणसाची दुर्बीण लग्नातही कमरेला असते. फार्करने तिच्या पितळी नळ्या ओढल्या आणि ती डोळ्याला लावली. नीट दिसावं म्हणून पुलाच्या कठड्यावर टेकवली. कडा पुढे आला. तो स्वतः इतकी वर्षं उभा राहायचा तो खडक, त्याच्यापुढची गवताची पट्टी. वर पांढरा धूर अजून रेंगाळत होता. धुराखाली कोणीतरी वाकलेलं होतं, पाठमोरं. डाव्या हाताने गवत बाजूला सारत होतं, घाई नसलेल्या माणसासारखं. पुंगळी शोधत होतं.

मग तो हात थांबला आणि पाठ सरळ व्हायला लागली.

फार्करने दुर्बीण मिटली.

"कोण आहे?" डोलिनाने विचारलं.

"धूर आहे नुसता," तो म्हणाला. "आपलंच कोणीतरी असेल. चल, पूल ओलांड. दूध पोचवायला मला परवडणार नाही."

६

संध्याकाळी धान्याच्या कोठारात नाच चालला होता. फार्कर आधी एफीबरोबर नाचला, मग लेकीबरोबर, मग लॅक्लनच्या आजीबरोबर, जिने त्याला दमवलं. पुडिंगचा गोळा संपला होता, व्हिस्की संपायच्या बेतात नव्हती. सगळे त्याला विचारून गेले की कड्यावर कोणाला पाठवलं होतंस, आणि त्याने प्रत्येकाला वेगळं नाव सांगितलं.

मधेच बंदूक जागेवर ठेवायची म्हणून तो मागच्या खोलीकडे आला. कुलूप होतं. किल्ली त्याच्याच खिशात होती. आत जाऊन त्याने दिवा लावला आणि लगेच बाकाकडे पाहायचं टाळलं. आधी बंदूक ठेवली. आजच्या दोन वाजलेल्या पुंगळ्या खिशातून काढून खडूच्या रेघेच्या उजवीकडे ठेवल्या, रिकाम्या, म्हणून पालथ्या. मग वर पाहिलं.

रेघेच्या डावीकडे, थोरल्याच्या बाजूला, जिथे सकाळी काही नव्हतं, तिथे एक पुंगळी उभी होती. पालथी.

थोरल्याच्या हिशेबाने पालथी म्हणजे भरलेली, पसंत पडलेली. फार्करने जपून हात पुढे केला आणि उचलली. ती हलकी होती. उलटी करून पाहिली. आत काहीच नव्हतं, तोंडाशी ओली काजळी होती, बुडाला लाल ठिपका होता, आणि बाजूला गवताची एक काडी चिकटली होती. पितळ गरम होतं. आताच वाजवल्यासारखं, मुठीत धरवणार नाही इतकं गरम, आणि बार होऊन तर अख्खी दुपार सरली होती.

भिंतीवरच्या बिनघोड्याच्या बंदुकीला त्याने हात लावून पाहिला नाही. कुठल्याही शहाण्या माणसाने पाहिला नसता.

रिकामी, आणि पालथी. ही फार्करची पद्धत. चाळीस वर्षं शेजारी बसून, शिव्या देऊन, रेघा ओढून जी थोरल्याने एकदाही मान्य केली नव्हती ती.

त्याने पुंगळी होती तिथे, होती तशीच ठेवली. दिवा बारीक केला. तो हसत होता आणि त्याच्या अंगावर काटाही होता, आणि दोन्ही एकाच गोष्टीने.

"ऐकलंस शेवटी," तो म्हणाला आणि दाराकडे वळला.

कोठारात नवा नाच सुरू झाला होता आणि एफी त्याच्या नावाने हाका मारत होती. तो उंबऱ्यात पोचला तेव्हा पाठीमागे, बाकाच्या डाव्या बाजूला, पितळ लाकडावर टेकल्याचा आवाज झाला. टक.

सुलटी केली असणार, स्वतःच्या पद्धतीने. तो माणूस ऐकणाऱ्यातला नव्हताच. फार्करने मागे वळून पाहिलं नाही. दार ओढून घेतलं, कुलूप लावायचं मात्र मुद्दाम सोडलं, आणि नाचायला गेला.